अंदमानात डायव्हिंगला जायचंय? मग परतीच्या विमानापासून उलटं मोजा

बहुतेक जण अंदमानची सहल स्वस्त विमान तिकिटापासून आखायला घेतात. मग सेल्युलर जेल, रॉस, बारातांग, हॅवलॉक, नील अशी यादी भरत जाते आणि उरलेल्या एखाद्या सकाळी ‘स्कूबा’ कोंबला जातो. फोटोपुरतं पाण्यात उतरायचं असेल तर चालेल. पण ओपन वॉटर कोर्स (डायव्हर म्हणून कार्ड मिळवून देणारा पहिला कोर्स) करायचा असेल किंवा कार्ड हातात असून चार-सहा डाइव्ह नीट करायच्या असतील, तर आखणी शेवटच्या दिवसापासून मागे मागे करावी लागते.

पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासात घेतो तेव्हा तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या ऊतींमध्ये विरघळतो. वर आल्यावर तो लगेच निघून जात नाही, सावकाश निघतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्यापेक्षा बराच कमी असतो, म्हणजे साधारण महाबळेश्वराहूनही बऱ्याच उंच डोंगरावर बसल्यासारखा. शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना तिथे गेलं की त्याचे बुडबुडे धरतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, आणि सलग काही दिवस किंवा दिवसाला एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं असतं. हे आकडे ‘किमान’ आहेत. २४ तास धरून चाला, हिशेबही सोपा होतो.

यात दुसरी अडचण बोटींची. हॅवलॉकला विमानतळ नाही. पोर्ट ब्लेअरहून खासगी फेरीला दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीला त्याहून जास्त. समुद्र खवळला की बंदर खातं बोटी थांबवतं आणि तिथे कुणाची ओळख चालत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे ऐन हंगामात, कमी दाबाच्या पट्ट्यामुळे शेकडो पर्यटक हॅवलॉकला अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीची सकाळ बोटीसाठी राखून ठेवायची. ती बोट रद्द झालीच, तर दुपारची तरी मिळण्याची आशा राहते.

आता रविवार ते रविवार असे आठ दिवस उलटे मोजून बघा. परतीचं विमान रविवारी सकाळी ११ ला. शनिवारी सकाळी हॅवलॉक सोडायचं आणि रात्र पोर्ट ब्लेअरला काढायची. सेल्युलर जेल आणि संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम त्या दिवशी. शुक्रवारी सकाळी शेवटच्या दोन डाइव्ह, म्हणजे विमानाआधी जवळजवळ ४८ तास मिळाले. मंगळवार, बुधवार, गुरुवार कोर्सचे. सोमवारी सकाळच्या फेरीने हॅवलॉक गाठायचं, दुपारी फॉर्म, मास्क-फिन्सची (फिन्स म्हणजे पायात घालायचे रबरी पंजे) मापं आणि झेपलं तर उथळ पाण्यातला पहिला सराव. पहिला रविवार विमानप्रवासाचा. हॅवलॉकला पाच रात्री, पोर्ट ब्लेअरला दोन. यात बारातांग नाही, नीलही नाही. नील हवंच असेल तर दोन दिवस वाढवा, कोर्सचे दिवस कापू नका.

आधी नावांचा घोळ मिटवू. डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉकचं सरकारी नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप आहे; सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअर हे श्री विजयपुरम. तिकिटावर, फलकांवर नवी नावं दिसतील, रिक्षावाला आणि डाइव्ह सेंटर जुनीच वापरतात. इथेही जुनीच वापरली आहेत. विमानतळाचं नाव वीर सावरकर.

महिना आणि तिथी

ढोबळ हंगाम ऑक्टोबरच्या शेवटापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. त्यातही जानेवारी ते एप्रिल सर्वात भरवशाचे: समुद्र शांत, पाणी नितळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळं उठतात. नाताळच्या आठवड्यात गर्दी एवढी असते की इन्स्ट्रक्टरला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो, शिवाय दर चढलेले. जूनपासून नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की बऱ्याच जागा बंद पडतात. पाण्याचं तापमान वर्षभर साधारण २६ ते ३० अंश असतं, त्यामुळे ३ मिलिमीटरचा पातळ वेटसूट पुरतो.

महिना ठरला की भिंतीवरचं कॅलेंडर काढा. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण घाटावरचे विसरतात: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि अष्टमीच्या आसपास भांग. अंदमानात दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी येते. उधाणाच्या दिवसांत त्यातला फरक सुमारे दोन मीटरपर्यंत जातो आणि तेवढं पाणी सहा तासांत बेटांमधून वाहायचं म्हणजे प्रवाह जोरदार. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो. पहिल्यांदाच शिकणाऱ्याने कोर्सचे तीन दिवस अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे येतील असं बघावं. अनुभवी डायव्हरला मात्र थोडा प्रवाह हवाच असतो, कारण मोठे मासे प्रवाहात येतात.

ओहोटीचा आणखी एक त्रास. हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे गोविंदनगर आणि विजयनगरच्या बाजूला, पाणी खूप आत हटतं. बोट किनाऱ्याला लागत नाही आणि खडबडीत तळावरून चालत जावं लागतं. रबरी तळव्याचे, मागे पट्टा असलेले सँडल न्या. साध्या चपला तिसऱ्या पावलाला वाहून जातात.

घरूनच उरकायची कामं

सगळ्यात आधी मेडिकल फॉर्म. डाइव्ह सेंटरकडून तो तिकीट काढायच्या आधी मागवा. त्यात दहा मुख्य प्रश्न असतात: फुप्फुसं, हृदय, कान-सायनस, फिट्स, औषधं वगैरे. एखाद्याचं उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे उपप्रश्न येतात आणि बहुतेक वेळा डॉक्टरची सही लागते. ती सही आपल्या गावात, आपल्याला ओळखणाऱ्या डॉक्टरकडून घ्यायची. हॅवलॉकला पोचल्यावर ‘लहानपणी दमा होता’ असं लिहिलंत तर सेंटर पाण्यात उतरवणार नाही, आणि बरोबरच आहे. खोटं ‘नाही’ लिहून उतरणं तर निव्वळ मूर्खपणा. दम्यात फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकली आणि वर येताना ती फुगली, तर फुप्फुस फाटू शकतं. गरोदरपणात डायव्हिंग नाही, याला अपवाद नाही.

दुसरं, पोहणं. ओपन वॉटर कोर्ससाठी न थांबता २०० मीटर पोहावं लागतं (किंवा मास्क-फिन्स-स्नॉर्केल लावून ३००) आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. वेळेची अट नाही. वय किमान १० वर्षं. पोहायला अजिबात येत नसेल तर इन्स्ट्रक्टर धरून नेतो ती ‘डिस्कव्हर’ प्रकारची डाइव्ह करता येते, कमाल १२ मीटरपर्यंत. मालवण-तारकर्लीला बहुतेकांनी केलेली असते ती याच जातीची. तिचं मिळणारं प्रमाणपत्र आठवण म्हणून ठीक, पण ते लायसन्स नव्हे. ते दाखवून अंदमानात कुणी तुम्हाला डायव्हर म्हणून बोटीवर घेणार नाही.

तिसरं, अभ्यास. कोर्सची थिअरी आता ऑनलाइन करता येते. ती घरी, निवांत संपवा. बेटावर बसून रात्री प्रश्नपत्रिका सोडवण्यात सहल घालवू नका. याच्या पुढची पायरी म्हणजे थिअरी आणि स्विमिंग पूलमधला भाग मुंबई-पुण्यात किंवा तारकर्लीला करून घ्यायचा आणि समुद्रातल्या चार डाइव्ह अंदमानात करायच्या. याला रेफरल म्हणतात. कागद वर्षभर चालतो. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने बाहेर फुंकायचा सराव पूलमध्ये झालेला असला, तर समुद्रातला दिवस रडत जात नाही. समुद्रातल्या चारपैकी पहिल्या दोन डाइव्ह १२ मीटरपर्यंत, पुढच्या दोन १८ पर्यंत असतात.

चौथं, विमा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बऱ्याचदा वगळलेला असतो किंवा खोलीची मर्यादा असते. पॉलिसीतला वगळलेल्या गोष्टींचा भाग वाचा. दाबाचा आजार, म्हणजे वर सांगितलेला नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा त्रास, झाला तर रीकम्प्रेशन चेंबर (दाबाखाली उपचार करायची बंद खोली) लागतं. ते पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात आहे, हॅवलॉकला नाही. तिथवर न्यायचा खर्च कोण देणार, हे आधी ठरलेलं बरं.

सेंटर कसं निवडायचं

फोटो आणि तारे बघून काही कळत नाही. फोन करून विचारा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? नियम आठपर्यंत परवानगी देतो, पण चारहून जास्त असतील तर दुसरीकडे बघा. बोटीवर ऑक्सिजन आहे का आणि तो किती वेळ पुरेल? याचं उत्तर चटकन यायला हवं. ‘हो हो, सगळं आहे’ हे उत्तर नव्हे. दरात बोट, साहित्य, कार्डाची फी धरली आहे का? हवामानामुळे डाइव्ह रद्द झाली तर पैसे परत की नुसती दुसरी तारीख? कोर्स करताना माणूस कान मोकळे न झाल्याने अडकला तर जादा दिवसाचे किती? शेवटचा प्रश्न ऐकल्यावर समोरचा किती समजुतीने बोलतो, त्यावरून बरंच कळतं.

राहायला गोविंदनगर किंवा विजयनगर घ्या, म्हणजे बीच नंबर ३ ते ५ चा पट्टा. बरीचशी सेंटर याच बाजूला आहेत. राधानगरचा किनारा सुंदर आहे, पण तो बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहे. अंदमान भारताच्या पार पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच, त्यामुळे पहाट फार लवकर होते आणि हिवाळ्यात साडेपाचच्या आत अंधार पडतो. बोटी सकाळी साडेसहा-सातला सुटतात. त्या वेळी बेटाच्या पलीकडून येणं रोजच्या रोज जमत नाही.

खासगी फेरीची तिकिटं डिसेंबर-जानेवारीत महिनाभर आधी काढा. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्र जुळायला हवं. सुटण्याच्या तासभर आधी धक्क्यावर पोचा. भारतीयांना हॅवलॉक-नीलसाठी वेगळा परवाना लागत नाही. २०२० साली चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलंय, पण यूपीआयवर सगळा भार टाकू नका. एटीएम मोजकी आहेत, दोन-तीन दिवसांची रोकड जवळ असू द्या.

सामान: विकत काय, भाड्याने काय

रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र), बीसीडी (हवा भरून तोल सांभाळायचं जॅकेट), सिलिंडर, वेटसूट हे सेंटर देतं. स्वतःचं काही घ्यायचंच असेल तर मास्क घ्या. चेहरा प्रत्येकाचा वेगळा आणि गळका मास्क अख्खी डाइव्ह खराब करतो. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर बसला. कपाळावरचा एक केस जरी मधे आला तरी पाणी शिरतं. मिशी असेल तर नाकाखाली गळणारच. वरच्या ओठालगतची बारीक पट्टी भादरली की बरंच थांबतं. व्हॅसलिन लावू नका, त्याने मास्कचं सिलिकॉन खराब होतं. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट आतून बोटाने दोन-तीनदा चोळून धुवा, नाहीतर पाण्यात धुकं धरणार. चष्मा असेल तर नंबर आधी कळवा, काही सेंटरकडे नंबरचे मास्क असतात.

विमानात चेक-इनला बहुधा १५ किलो मिळतात. लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक केबिन बॅगेत, चाकू-कात्री चेक-इनमध्ये.

बोट लागत असेल तर गोळीचं घरीच डॉक्टरशी बोला. अशा बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत डाइव्ह करणं धोक्याचं. म्हणून घरी एकदा घेऊन बघा. बोटीत मध्यभागी बसा, इंजिनाच्या धुरापासून दूर, नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये मान घालून बसलेला पहिला ओकतो. रिकाम्या पोटीही जाऊ नका. केळं, दोन बिस्किटं, थोडे पोहे एवढं बास.

पाण्यात काय बिघडतं

कान. बाकी सगळ्यापेक्षा डाइव्ह रद्द होण्याचं कारण हेच असतं. दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, पण हवेच्या आकारमानातला सर्वात मोठा फरक पहिल्या १० मीटरांत पडतो: तिथे ती निम्मी होते. म्हणून त्रास वरच्या चार-पाच मीटरांतच सुरू होतो. नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, ते पाण्याखाली जायच्या आधी एकदा आणि नंतर दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायची वाट न बघता. पाय खाली, डोकं वर ठेवून उतरा. दुखलं तर मीटरभर वर या, पुन्हा करा. जोर लावून फुंकलंत तर पडद्याला किंवा आतल्या कानाला इजा होते आणि पुढचे सगळे दिवस किनाऱ्यावर. सर्दी असेल तर उतरायचं नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणारे असतात. तळाशी असताना तिचा असर संपला तर वर येताना हवा अडकते, आणि वर तर यावंच लागतं.

वजन. नवख्याला कमरेच्या वजनाच्या पट्ट्यात जास्त शिसं देतात, कारण त्याने तो पटकन बुडतो. मग तोल सांभाळायला जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते, शरीर तिरकं होतं, पाय प्रवाळावर आपटतात आणि हवा भराभर संपते. तपासायची पद्धत अशी: खोल पाण्यात उभं राहा, रेग्युलेटर तोंडात, जॅकेट पूर्ण रिकामं, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं आणि श्वास सोडल्यावर सावकाश बुडायला हवं. त्यात साधारण २ किलो वाढवा, कारण ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत जाईल तसा हलका होतो.

हवा किती पुरते, याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. नेहमीचा सिलिंडर ११.१ लिटरचा, २०० बार (बार हे दाबाचं माप) भरलेला: सुमारे २,२२० लिटर हवा. त्यातले ५० बार, म्हणजे ५५५ लिटर, राखीव. उरले १,६६५. माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरलं, तर १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणजे ५६ लिटर. डाइव्ह जेमतेम ३० मिनिटांची. तोच माणूस १० मीटरवर ४० लिटर घेईल आणि ४० मिनिटं राहील. घाबरून धापा टाकल्या तर हे आकडे निम्म्यावर येतात. काटा १०० बारला आला की खुणेने सांगा, इन्स्ट्रक्टर विचारेपर्यंत थांबू नका. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा, आणि श्वास कधीही रोखू नका.

कुठे उतरायचं

शिकणाऱ्यांना नेमो रीफ बरी पडते: किनाऱ्यालगत, उथळ, क्लाउनफिश हमखास. लाइटहाउस आणि अॅक्वेरियमही नवख्यांना झेपतात. डिक्सन्स पिनॅकलची गोष्ट वेगळी. तिथल्या खडकांची शिखरंच १८ मीटरच्या आसपास सुरू होतात, म्हणजे ओपन वॉटर कार्डाची हद्द संपते तिथून ती जागा सुरू होते. जॉनीज गॉर्ज, जॅक्सन्स बार यांनाही खोलीचं आणि प्रवाहाचं भान लागतं. ३० मीटरपर्यंतचं ॲडव्हान्स्ड कार्ड नसेल तर ‘जरा वरवरून दाखवतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. कार्ड असून वर्षभर पाण्यात उतरला नसाल, तर पहिली डाइव्ह उथळ आणि इन्स्ट्रक्टरबरोबर.

उथळ प्रवाळ काही ठिकाणी पांढरा, मेलेला दिसेल. २०१० आणि २०१६ च्या तापलेल्या पाण्याने इथल्या प्रवाळाचं मोठं नुकसान केलं. पोस्टरवरचे रंग शोधत जाल तर निराश व्हाल. मासे मात्र भरपूर. टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असला तर अंगावर येतो आणि चावतो. त्याची हद्द घरट्यापासून वर नरसाळ्यासारखी रुंदावत जाते, म्हणून वर पळू नका, आडवे दूर पोहा.

शेवटचे दोन दिवस

शुक्रवारी दुपारी वेटसूट आणि मास्क गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. ओलं सामान १५ किलोंत बसत नाही. लॉगबुकवर (डाइव्हच्या नोंदवहीवर) सही आणि कार्डाचं काम त्याच दिवशी करून घ्या. पोर्ट ब्लेअरला शनिवारी माउंट हॅरिएटला जायचं कुणी सुचवेल. तो डोंगर साडेतीनशे मीटरांहून उंच आहे, म्हणजे विमानाआधी थांबायचा नियम तिथेही लागू. शुक्रवारी सकाळी ११ ला पाण्याबाहेर आलात तर शनिवारी दुपारनंतर जायला हरकत नाही. हाच हिशेब मालवणहून आंबोली घाटाने, सुमारे ७०० मीटर चढून, पुण्याला परतणाऱ्या कार्डधारकांनीही करायचा असतो. खोल आणि जास्त डाइव्ह झाल्या असतील तर गाडी दुसऱ्या दिवशी काढा.

प्रवाळाचा तुकडा, शंख बॅगेत टाकू नका. वन्यजीव कायद्याखाली प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळाच्या स्कॅनरवर तो लगेच दिसतो.